तारेच्या आतलं आणि बाहेरचं गवत

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. नागभीडकडच्या एका लहानशा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना दर वर्षी तीच जास्वंद आणि तोच कांदा कापून मुलांना दाखवायचा कंटाळा आला होता. नागपूरला माझे मार्गदर्शक सर होते. विषय काय घेऊ, असं विचारलं तर ते म्हणाले, "लांब जाऊ नका. रोज डोळ्यांनी पाहता येईल असं काहीतरी घ्या. रोज पाहाल तर कधीतरी दिसेल."

रोज मी पाहत होते ते एक गायरान. कॉलेजला जाताना स्कूटीवरून डाव्या हाताला लागायचं. एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला सागाचं जंगल आणि मधे हा मोकळा उतार. उताराच्या पायथ्याशी बोडी, म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. दिवाळीनंतर या उतारावर शेणाच्या पवट्या आणि माती यांखेरीज फारसं काही उरायचं नाही. ढोरांनी गायरानाची वाट लावली, हे मला स्कूटीवरूनच कळलेलं होतं. संशोधनाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, फक्त पुरावा गोळा करायचा राहिला होता.

ग्रामसभेत परवानगी मागायला गेले, तेव्हा लोक आधी ऐकत होते, मग हसायला लागले. गायरानात चार ठिकाणी तारेचं कुंपण घालायचं, आतलं गवत आणि बाहेरचं गवत मोजायचं, एवढंच मी सांगितलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "गवत मोजाले मास्तरीण ठेवली का सरकारनं?" पण परवानगी दिली. सिमेंटचे खांब रोवायला दोघं जण आपणहून आले आणि तार ओढता ओढता मला कोणता सण कधी आहे, माझं माहेर कुठलं, मुलं किती, सगळं विचारून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कुंपणाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेली, किडकिडीत, कासोट्याचं लुगडं आणि त्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. हातात काठी. मागे साठ-सत्तर ढोरं पसरलेली. गावची ढोरं राखणाऱ्याला इथे ढोरकी म्हणतात. या बाई म्हणजे गावची ढोरकीन. त्यांनी तारेला हात लावून पाहिला आणि मला विचारलं, "गवतानं का गुन्हा केला, म्याडम? काऊन त्याले जेलात टाकून राह्यल्या?"

मी शांतपणे समजावलं, की आत ढोरं जाणार नाहीत, त्यामुळे गवत वाढेल, आणि बाहेर किती नुकसान होतं ते कळेल.

"मंग नुकसान आमीच करतो म्हणा ना सीधं," त्या म्हणाल्या आणि ढोरं घेऊन बोडीकडे निघून गेल्या.

पहिल्या पावसाळ्यात आमची ओळख झाली ती दुसरं कोणी नव्हतंच म्हणून. रोवण्याचे दिवस. सगळं गाव चिखलात, धान लावण्यात. गायरानात माणसं दोनच, बाई आणि मी. त्या छत्री टेकून उभ्या असायच्या, मी गुडघ्यावर बसून एक फूट लांब-रुंदीची लोखंडी चौकट जमिनीवर ठेवायचे आणि तिच्यात कोणत्या जातीचं किती गवत आहे ते वहीत लिहायचे. बाईंना ते फार गमतीचं वाटे.

त्यांचं सगळं मला तिथेच कळलं. वीस वर्षं त्यांचा नवरा ढोरं राखत होता. त्याचे गुडघे गेले तेव्हा दुसरा ढोरकी शोधायच्या गोष्टी सुरू झाल्या. तर बाई म्हणाल्या, काठी मले द्या. बाईमाणूस ढोरकी कसा होईल, यावर गावात आठवडाभर चर्चा चालली. "लोक इचारत होते," बाई सांगायच्या, "ढोरं नाई इचारली. ती माह्या मागं निंगाली."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली, कारण पुढच्या पानावर तिला रकाना नव्हता. पूर्वी ढोरं दिवसभर जंगलात लांब जायची आणि गायरानात फक्त सकाळ-संध्याकाळ तोंड लावायची. आता जंगलात वाघ वाढले. वाघाने दोन गायी नेल्यावर बाईंनी आत जाणं सोडलं. मग बारा महिने सगळी ढोरं याच उतारावर. "ढोरं तेवढीच हायेत, म्याडम. गवताले सुट्टी भेटून नाई राह्यली."

मी मान डोलावली, पण मनावर घेतलं नाही. कारण माझ्या कुंपणातलं गवत झपाट्याने वाढत होतं. सप्टेंबरमध्ये ते माझ्या कमरेला लागलं. बाहेरचं घोट्याएवढं. कापून, वाळवून, वजन करून मी तक्ते केले आणि गवताच्या नमुन्यांसह मोठ्या खुशीत सरांना पाठवले.

सरांचा फोन आला. "आकडे ठीक. पण तुम्ही आत मारवेल लिहिलंय आणि बोडीजवळ ही 'अनोळखी, जमिनीसरपट वाढणारी जात' लिहिलीय. तिचा नमुना पाहिला मी. तीही मारवेलच आहे."

मारवेल म्हणजे ढोरांचं आवडतं, गोडसर गवत. विद्यार्थ्यांना मी ते पंधरा वर्षं ओळखायला शिकवत होते. दुसऱ्या दिवशी धावत गेले आणि बोडीच्या काठावर पोटावर झोपून पाहिलं. खरंच होतं. रोज रोज दात लागून लागून ते आडवं झालं होतं. कांड्या जमिनीला चिकटलेल्या, पानं बोटभर, आणि तुरे एवढे खाली की गायीची जीभ त्यांच्यावरून निघून जावी. कुंपणात उभं राहून डोलणारं गवत इथे श्वास धरून पडून होतं आणि पडल्या पडल्या बी धरत होतं. मी एवढी हसले, की बाई लांबून ओरडल्या, "का झालं वो? साप निंगाला का?"

मी सांगितलं, "हे आणि ते एकच गवत आहे, बाई!"

"मंग? तुमाले दोन वाटले?" त्यांना माझं खरोखर आश्चर्य वाटलं. "माह्या घरचा माणूस उभा राह्यला का वेगळा आन् झोपला का वेगळा?"

दुसऱ्या वर्षी माझं तयार उत्तर मोडायला लागलं. जूनमध्ये गायरानात हिरवा रंग चढला, पण माझ्या कुंपणांत नाही. आत गेल्या वर्षीचं वाळकं गवत तसंच उभं, काही आडवं पडून त्याची गादी झालेली. खालून आलेले नवे कोंब उजेडाअभावी पिवळे, लांबट, रोगट. मारवेल मागे पडलं आणि कुसळी पुढे सरकली. कुसळी म्हणजे काटेरी बियांचं, चपलेत-लुगड्यात घुसणारं गवत. जे मी जपायला निघाले होते, ते जपल्यानेच दबत होतं.

बोडीच्या काठी उलट हाल. तिथे खाऊन खाऊन माती उघडी पडली होती आणि ढोरं ज्याला तोंड लावत नाहीत तो तरोटा माजला होता. पण उताराच्या मधल्या पट्ट्यात, जिथून बाई ढोरं नुसती पुढे हाकत नेत, तिथे गवत दाट, हिरवंगार आणि मऊ होतं. मी बाईंना विचारलं, की इथेच असं का.

त्यांनी काठी जमिनीत रोवली. "इथी मी ढोरांले थांबू देत नाई. एक डाव तोंड लावलं का चला पुढं. मंग पंधरा-वीस रोज इकडे येतच नाई. हे पा, आठ रोजांनी नखं कापली तर नख वाढते. रोजच कापाले बसलं तर बोट कापल्या जाते."

मी वही काढली. या वेळी पुढच्या पानावर लिहिलं.

श्रावणात पावसाने ओढ दिली. तीन आठवडे आभाळ कोरडं. मधल्या पट्ट्यातल्या गवताने पानं सुईसारखी गुंडाळून घेतली. मला वाटलं मेलं. बाई म्हणाल्या, "घाबरून राह्यलं, मेलं नाई." मग मी कुदळ आणून मधल्या पट्ट्यातला एक आणि बोडीजवळचा एक असे गवताचे दोन गड्डे मुळांसकट खणायला घेतले. बोडीजवळच्याचं मूळ वीतभर खालीच संपलं. मधल्याचं खणता खणता माझा हात कोपरापर्यंत खड्ड्यात गेला, तरी मूळ आणखी खाली चाललेलंच होतं. आणि तिथल्या मातीत, तळाशी, अजून ओल होती. पानं गेली की गवत मुळांतला साठा खर्च करून नवी काढतं. पुन्हा पुन्हा तोडली की मुळांना वाढायला काही उरत नाही, हे मी फळ्यावर कितीदा तरी लिहिलं होतं. त्या दिवशी ते माझ्या मुठीत होतं, मातीसकट. बाईंनीही हात घालून पाहिला. "थंड हाय वो," त्या हळूच म्हणाल्या.

आणि त्याच आठवड्यात ते झालं. सकाळी गेले तर तीन नंबरच्या कुंपणाचा खांब आडवा, तार लोळत, आणि आत बाईंची दहा-बारा ढोरं. दीड वर्ष राखलेलं गवत ती मुळापर्यंत खात होती, वाळकी गादी पायांखाली तुडवत होती. एका बैलाने अंग घासून खांब पाडला होता आणि बाई त्या वेळी पाणी भरायला बोडीवर होत्या. त्या पळत आल्या. मी त्यांच्यावर ओरडले. माझी दीड वर्षाची मेहनत, तुम्हाला काय त्याचं, तुम्हाला हे व्हायलाच हवं होतं, असं बरंच काही बोलले. बाई ढोरांकडे वळल्या. ढोरं बाहेर काढली, खांब उचलून उभा करायला गेल्या, तो पेलवला नाही, तसाच ठेवला आणि निघून गेल्या. त्यानंतर त्या ढोरं गायरानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊ लागल्या.

सरांना फोन केला तेव्हा मला रडू आवरेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजणी थांबवली?"

"आता काय मोजायचं, सर?"

"जे आहे ते. तार नीट करा आणि मोजत राहा."

पाचव्या दिवशी पाऊस आला आणि तीन दिवस मुक्काम करून गेला. दहाव्या दिवशी मी तीन नंबरच्या चौकटीत गुडघ्यावर बसले आणि मोजायला लागले. गायीने जिथे कांडी तोडली होती, तिच्या बुडाशी, मातीच्या अगदी जवळून, नवे कोंब. एकेका कांडीला तीन, चार, कुठे पाच. गवताचा वाढणारा डोळा खाली, दातांच्या आवाक्याबाहेर असतो. वरचं ओझं निघालं, बुडाशी उजेड पोचला, आणि झोपलेले सगळे डोळे एकदम उघडले होते. खुरांनी तुडवलेली वाळकी गादी मातीत मिसळून गेली होती. शेजारची तीन कुंपणं अजून मरगळलेली, आणि मोडलेलं हे एक असं हिरवं, की लांबून वाटावं कोणी धानाची रोपं टाकलीत.

मी वही मिटली आणि सरळ बाईंच्या घरी गेले. त्यांचा नवरा ओसरीवर गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. मला पाहून म्हणाला, "या, म्याडम. दहा रोजापासून आमच्या घरी तुमच्याच गवताची भाजी शिजून राह्यली. सकायी तेच, सांजेले तेच. एक डाव तुमी दोघी बोलून घ्या, म्हणजे मले जेवण भेटल."

बाई आतून आल्या. मी म्हणाले, "बाई, माझं चुकलं. फार बोलले मी."

"माहंही ध्यान नोतं," त्या म्हणाल्या. "खांब हालते हे मले आधीच दिसलं होतं. सांगाचं राह्यलं."

"बरं झालं, नाही सांगितलंत ते. चला, काहीतरी दाखवायचंय."

बाईंचा नवरा म्हणाला, मीही येतो. त्याला स्कूटीवर मागे बसवलं आणि बाई आडवाटेने आमच्या आधी पायीच पोचल्या. तिघांनी तीन नंबरच्या कुंपणात बसून कोंब मोजले. बाई बोटांवर, मी वहीत, आणि नवरा मधेच "अरे, इथीबी एक" म्हणून आमची मोजणी चुकवत.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा ग्रामसभेत गेले. या वेळी तक्ते नेले नाहीत. दोन गड्डे मुळांसकट वर्तमानपत्रात गुंडाळून नेले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एक बोडीजवळचा, एक मधल्या पट्ट्यातला. लोक उठून जवळ आले. मुळं हातात घेऊन लांबी पाहू लागले. मी बोलायला तोंड उघडलं, तर बाईच उभ्या राहिल्या. गायरानाचे तीन भाग करा, त्या म्हणाल्या. ढोरं एका भागात, मग दुसऱ्यात. आणि तिसऱ्याला रोवण्यापासून दिवाळीपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पुढच्या साली सुट्टी दुसऱ्या भागाची.

एका बकऱ्या पाळणाऱ्या भाऊने हरकत घेतली. "तुमच्या गायी फिरतील. माह्या बकऱ्या कुठी नेऊ? मले तं जवळचाच भाग परवडते." त्याचं खोटं नव्हतं. त्याच्याकडे दुसरी जागाच नव्हती. त्यावर तासभर बोलणं झालं. शेवटी बाईंनीच सांगितलं, की बकरी गवतापेक्षा झुडपं जास्त खाते, तर कडेची बोरी-बाभळीची पट्टी बकऱ्यांना कायमची मोकळी ठेवा. त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. पहिल्या ग्रामसभेत मागून हशा आला होता; या वेळी दोरी आणि खुंट्या कोण आणणार, असं विचारल्यावर तेरा हात वर झाले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बोडीच्या काठी तरोटा तसाच आहे. गावाने दोनदा उपटला, दोनदा आला. तिथली माती पुन्हा धरायला अजून किती पावसाळे लागतील, मला सांगता येत नाही. एकदा पलीकडच्या गावची ढोरं सुट्टीच्या भागात शिरली आणि बाईंनी काठी घेऊन त्यांना हद्दीपर्यंत पिटाळलं. पण पुढच्या ऑक्टोबरात तिसरा भाग असा भरला, की रस्त्याने जाणाऱ्या एसटीतून लोक वाकून पाहायचे.

तो भाग गायगोधनाच्या दिवशी उघडायचा असं गावाने ठरवलं. दिवाळीतला हा आमच्याकडचा ढोरांचा दिवस. सर नागपूरहून गाडीने नागभीडला उतरले, मी त्यांना स्टेशनवरून आणलं. ढोरं धुतलेली, शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूच्या माळा. डफ वाजत होते, बासरी वाजत होती. ढोरांच्या पुढे त्या दिवशी ढोरकी चालतो. या गावात पुढे बाई चालत होत्या, नवं हिरवं लुगडं, त्यावर तोच शर्ट, कपाळभर गुलाल. बायांनी त्यांना ओवाळलं तेव्हा त्या लाजून एका गायीआड झाल्या.

सरांनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "बाई, ढोरं परत या भागात कधी आणणार?"

मला वाटलं हा माझ्यासाठी प्रश्न आहे, मी दिवसांचा आकडा सांगायला लागले. सरांनी हातानेच मला थांबवलं.

"रोज मोजून नाई आणत, साहेब," बाई म्हणाल्या. "पाऊस असला का लवकर भरते. उन्ह असलं का उशीर लागते. गवताले चार पानं आली, पाचवं निंगालं, का मंग आणाचं. गवताकडे पाहाचं, कॅलेंडरकडे नाई."

सर माझ्याकडे वळले. "हे लिहिलंत का?"

"लिहिलंय, सर. त्यांच्याच शब्दांत."

बाईंनी दोरी सोडली. गायी आधी धावल्या, मग एकदम थांबल्या आणि माना खाली गेल्या. डफ आपोआप बंद पडले. साठ-सत्तर तोंडांचा गवत तोडण्याचा तो आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता, करकर, करकर, ओला आणि एकसारखा, मधे एखादं फुरफुरणं. दोनशे माणसं नुसती उभी राहून ऐकत होती. कोणीतरी लहान मुलाला खांद्यावर घेतलं. बकऱ्यांच्या भाऊने डोळे मिटले होते.

अर्धा तास झाला असेल. बाईंनी जिभेने टक-टक आवाज केला आणि ढोरं वळवायला सुरुवात केली. अजून निम्म्याहून जास्त गवत उभं होतं. लोक ओरडले, "राहू द्या ना, बाई! सणाचा दिवस हाय!"

"सण ढोरांचा हाय, गवताचाबी हाय," बाईंनी उलट आवाज दिला आणि काठी आडवी धरली. ढोरं कुरकुरत, एकेक घास ओढत बाहेर आली.

मग आम्ही सगळे सागाच्या सावलीत जेवायला बसलो. वडे होते, तांदळाची खीर होती. सरांनी दोनदा खीर मागून घेतली आणि वाढणाऱ्या एकीला विचारलं, तांदूळ कोणता आहे. तिने नाव सांगितलं, आणि मग तो कोणाच्या बांधीत पिकतो, पाणी किती लागतं, दाणा किती बारीक, यावर पंगतीत जोरात वाद सुरू झाला.